जुन्या कॅसेटमधली चिप

'कॅसेट' म्हटलं की आईबाबांना गाणी आठवतात आणि दादा-ताई मंडळींना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम! १९९० च्या दशकातल्या 'समुराई', 'लिटल मास्टर'च्या कॅसेट अजूनही कुणाच्या माळ्यावर पडून असतील. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात शोधलं तर एखादी हाती लागेलही. अशा कॅसेटमधली चिप काढून फ्लॅश कॅसेटची मेमरी वाढवता येते का? येते. पण कोणती चिप, हाच खरा प्रश्न आहे.

फ्लॅश कॅसेट म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कॅसेट. निन्टेन्डोच्या गेम बॉयचा (१९८९) प्रोसेसर ८०८० च्या कुळातला, म्हणजे आपल्या ८०८५ चा चुलत भाऊच! स्वतः लिहिलेला असेंब्ली प्रोग्राम त्यावर चालवायचा तर ही कॅसेट हवी.

आता जुनी कॅसेट उघडू. आत काळ्या डांबरासारखा गोळा दिसला तर ती तशीच बंद करा. त्या गोळ्याखालची चिप सुटी निघत नाही. रॉमचाही उपयोग नाही, कारण ती फॅक्टरीतच लिहिलेली असते, पुसता येत नाही. आपल्या कामाची असते ती एसरॅम. ज्या गेममध्ये 'सेव्ह' करता येतं, त्यात ती एका बटण सेलवर जिवंत राहते. गेम बॉयच्या 'पोकेमॉन रेड'मध्ये अशी ३२ केबी एसरॅम आहे.

समजा आपल्या फ्लॅश कॅसेटवर ८ केबीची ६२६४ आहे आणि तिथे ३२ केबीची ६२२५६ बसवायची आहे. दोन्हींना २८ पिना. फरक फक्त दोन पिनांचा! ६२६४ ची पिन १ रिकामी असते आणि पिन २६ ला दुसरा चिप सिलेक्ट असतो. ६२२५६ मध्ये पिन १ ला ए१४ आणि पिन २६ ला ए१३ येतो. म्हणून पिन २६ चा जुना ट्रॅक तोडून दोन्ही पिना मॅपर चिपला जोडाव्या लागतात. गेम बॉयला एसरॅमची एका वेळी ८ केबीचीच खिडकी दिसते. चारपैकी कोणती बँक दाखवायची, हे मॅपर ठरवतो. या दोन वायरी नसतील तर एवढी मोठी चिप लावूनही वापरता येतील ८ केबीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ४८६ च्या भंगार मदरबोर्डवरची कॅशे चिपसुद्धा ३२ केबीची, पिनांचा क्रमही तोच आणि वेग १५ नॅनोसेकंद! मोह होतोच. पण डेटाशीटमध्ये स्टँडबाय करंट बघा. सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-अवर. लो पॉवर चिप झोपेत २ मायक्रोअँपिअर घेत असेल तर २२० भागिले ०.००२ म्हणजे १,१०,००० तास, जवळजवळ साडेबारा वर्षं. वेगवान चिपने २ मिलिअँपिअर घेतले तर ११० तास. म्हणजे साडेचार दिवसांत सगळं 'सेव्ह' गायब! मला वाटतं, वेगापेक्षा झोपेतला खर्च बघायची सवय आपल्याला प्रोजेक्टमध्येही उपयोगी पडेल.

चिप काढताना आधी सेल काढा. दोन्ही बाजूंच्या पिनांवर भरपूर सोल्डर पसरवा, आळीपाळीने गरम करा आणि चिप आपोआप सुटू द्या. ओढली तर ट्रॅक उखडतो. उरलेला बोर्ड जाळू नका, ई-कचऱ्यात द्या.

आणि एक विनंती. सेल काढला की त्या कॅसेटमधला सेव्ह केलेला खेळ कायमचा जातो. म्हणून चालू कॅसेटला हात लावू नका. कुणीतरी लहानपणी सुट्टीभर खेळून तो तिथपर्यंत आणलेला असतो. चिप काढायची ती मेलेल्या कॅसेटमधूनच. तेवढं पाळलंत, तर मग बिनधास्त घ्या सोल्डरिंग गन हातात!