कानटोपीचा लवचिक काठ

कानटोपी मापात असते, लोकरही मऊ असते, तरी बाळाच्या डोक्यात घालताना ओढाताण होते आणि कपाळावर वळ उठतो. दोष बहुधा विणीचा नसतो. एक सुलट-एक उलट वीण हवी तेवढी ताणते. पहिल्यांदा टाके घालताना तयार झालेला काठ मात्र सुतळीसारखा आवळून बसतो.

त्यावर जाड सुईने टाके घालायचा सल्ला हमखास मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. टाके उंच होतात, पण दोन टाक्यांमधला धागा फारसा वाढत नाही, आणि ताण पडतो तो त्याच्यावरच. त्यापेक्षा ‘जर्मन ट्विस्टेड’ पद्धत शिकावी. तिच्यात प्रत्येक टाक्याच्या तळाशी एक जादा पीळ बसतो आणि ताणल्यावर तोच धागा सोडतो.

चारपदरी लोकर आणि दहा नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुया घ्या. आधी मोकळं टोक किती सोडायचं ते ठरवा. सुईला दहा वेढे देऊन ते उलगडा आणि मोजा. ऐंशी टाक्यांना त्याच्या आठपट. या पद्धतीला धागा जास्त लागतो, म्हणून त्याच्या दीडपट घ्या, वर वीतभर. शेवटचे चार टाके उरले असताना धागा संपण्यापेक्षा थोडा वाया गेलेला बरा.

सरफासाची गाठ उजव्या हातातल्या सुईवर चढवा. मोकळं टोक डाव्या अंगठ्यावरून, गुंड्याकडचा धागा तर्जनीवरून घ्या. दोन्ही खाली उरलेल्या बोटांत धरा.

आता सुई अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांच्या खालून पलीकडे न्या. टोक वर उचला, मागच्या धाग्यावरून अंगठ्याच्या वेढ्यात खाली घाला आणि पुढच्या धाग्याखालून आपल्याकडे काढा. सुई आणि अंगठा यांच्यामध्ये धाग्यांची फुली दिसली पाहिजे. दिसली नाही तर पुढे जाऊ नका, तेवढंच पुन्हा करा.

मग तर्जनीवरचा धागा सुईने वरून अडकवा. इथेच बहुतेकांचं अडतं: अंगठ्याचं टोक सुईच्या दिशेने झुकवा. फुली सुटते आणि अंगठ्यालगत फट उघडते. अडकवलेल्या धाग्यासह सुई त्या फटीतून खाली आणून बाहेर काढा, अंगठा सोडवा आणि टाका हलकेच ओढा. गच्च आवळायचा नाही.

नवा टाका आधीच्याला चिकटवू नका. मध्ये सुईच्या जाडीएवढी जागा राहू द्या. आधी बारा टाके घालून चार ओळी विणा आणि काठ दोन्ही हातांनी ताणून पाहा. तो विणीइतकाच पसरला, तर टोपीचे टाके घालायला हरकत नाही.

पायमोजे, हातमोजे, स्वेटरचा गळा वरून खाली विणायचा असेल तर तिथेही हाच काठ घ्यावा. शालीला किंवा पिशवीला नको, कडा फाकते.