तळ्याकाठची बाग आणि पंचवीस वर्षांचा बेत

सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव तुम्ही पाहिलाच असेल. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, तेव्हा आपल्या गावोगावची माणसे तिथे लोटतात. पाण्यात देऊळ, एका अंगाला भुईकोट किल्ला, काठाला बाग. सिद्धरामेश्वरांनी हे तळे बाराव्या शतकात खोदवले असे मानतात. म्हणजे आठशे वर्षे झाली की!

बाग करायला वेळ किती लागतो? एका पावसाळ्यात हिरवळ दिसते. पण वडाचे रोप आज लावले, तर यात्रेकरूने त्याच्या सावलीत भाकरी सोडायला वीस-पंचवीस वर्षे जातात. तोवर त्याला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? शेळ्यांपासून कोण राखणार? म्हणून असा बेत एका वर्षाचा करून भागत नाही. लांबचा बेत लिहून काढावा लागतो. त्याला आराखडा म्हणतात. कोणते काम, कोणत्या साली, कोणी, किती पैशात, हे सारे त्यात असते.

पहिले काम कोणते? पुष्कळ जण म्हणतील, कारंजे करा, बाके टाका. आम्ही म्हणतो, आधी गटार बघा. घाण पाणी तळ्यात येत राहिले, तर बाग कितीही सजवा, नाकाला पदर लावूनच फिरावे लागेल.

विजापूर रस्त्यावर कंबर तलाव आहे. त्याला आता संभाजी तलाव म्हणतात. जलपर्णीने हा तलाव मागे पार झाकून टाकला होता. सांडपाणी म्हणजे जलपर्णीला खतच. उबदार हवेत एका रोपाची दोन व्हायला दोन आठवडे पुरतात. आम्ही पडलो मास्तर, पाढा मांडल्याशिवाय राहवत नाही. एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ. असे दहा वेळा झाले की १०२४ रोपे होतात. म्हणजे वीस आठवड्यांत! ती मेली की तळाशी कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. तिचे बी तर चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. एकदा यंत्र लावून काढली, फोटो निघाले, काम झाले, असे होत नाही. दरवर्षी माणूस लागतो, त्याचा पगार लागतो. बांधण्याचा पैसा एकदाच मिळतो, राखण्याचा दरवर्षी लागतो. बेत इथेच फसतात.

दुसरी अडचण धन्यांची. देऊळ देवस्थानाचे, किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, बागा नि गटारे महानगरपालिकेची. एकाने ठरवून चालत नाही. किल्ल्यासारख्या जपलेल्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे. २०१० साली कायद्यात तशी दुरुस्तीच झाली. म्हणून उपाहारगृह, दुकाने कुठे मांडायची हे आधी ठरवावे, मग पाया खणावा. गणपती विसर्जनाला वेगळे कुंड हवे, तेही आराखड्यात आधीच दाखवावे.

आता एकरूखचा तलाव घ्या, ज्याला आपण हिप्परग्याचा म्हणतो. तो १८७१ साली पुरा झाला. त्याचा बांध मातीचा आहे. मातीच्या बांधावर मोठी झाडे लावू नयेत. मुळे आत शिरतात, मूळ कुजले की पोकळी राहते आणि तिच्यातून पाणी झिरपते. झाडे बांधापासून लांब लावावीत.

गाळ मात्र सगळ्याच तळ्यांत येतो, तुमच्या गावच्यासुद्धा. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली. तळे खोल होते आणि गाळ शेतकऱ्याच्या रानात जातो. हलक्या रानाला तो फार मानवतो. तेव्हा यंदा उन्हाळ्यात तळ्याचे पाणी खाली गेले, की काठी घेऊन चार ठिकाणी गाळ मोजा. आकडे वहीत लिहा, खाली तारीख घाला. ती वही ग्रामसभेत वाचा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच चार ठिकाणी पुन्हा काठी घाला.