तांबे, पितळ आणि कासे : घरातील भांड्यांवरून धातूंचा पाठ

प्राथमिक शाळेत धातूंचा पाठ शिकविताना बहुधा गुणधर्मांची यादी फळ्यावर लिहिली जाते. धातू चकाकतात, ठोकल्यास पसरतात, उष्णता वाहून नेतात, वाजविल्यास नाद करतात. मुले ती यादी उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. वास्तविक या यादीतील प्रत्येक गुण त्यांच्या घरातील फडताळावर किंवा देव्हाऱ्यात हाताशी असतो. तांब्याची घागर, पितळेची समई आणि काशाची वाटी या तीन वस्तू वर्गात आणल्या, तर धातूचे सौंदर्य, त्यामागील शास्त्र आणि समाजाने त्याला दिलेला अर्थ या तिन्ही गोष्टी एकाच पाठात उलगडून दाखविता येतात.

१. तांब्याचा रंग आणि घणाचे ठोके

बहुतेक धातू रुपेरी किंवा करड्या रंगाचे असतात. तांबे आणि सोने हे दोन परिचित धातू मात्र त्याला अपवाद आहेत. पांढऱ्या प्रकाशातील निळा-हिरवा भाग तांबे बऱ्याच अंशी शोषून घेते आणि तांबडा-नारिंगी भाग परत फेकते; म्हणून ते तांबूस दिसते. ‘तांबडा’ या शब्दाचे ‘तांबे’ या शब्दाशी असलेले नाते मुलांना लगेच ओळखता येते. ‘तांब्या’ हा शब्द तर आणखी बोलका आहे. आज पोलादाच्या भांड्यालाही आपण तांब्याच म्हणतो. धातू बदलला, पण नाव राहिले.

तांबे 1,085 अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. त्याची घनता पाण्याच्या सुमारे नऊपट, नेमकी सांगावयाची तर 8.96 आहे. वरच्या वर्गात हे प्रयोगाने दाखविता येते. तांब्याचा भरीव तुकडा तोलून घ्यावा आणि मापाच्या भांड्यातील पाण्यात बुडवून पाणी किती चढले ते पाहावे. तुकडा 448 ग्रॅमचा असेल व पाणी 50 घन सेंटिमीटर चढले, तर भागाकार 8.96 येतो. विज्ञान आणि गणित यांची येथे सहज सांगड बसते.

तांबटाने घडविलेल्या घागरीच्या अंगावर ओळीने बसलेले ठोके दिसतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे. या ठोकाईला मठारकाम म्हणतात. हे ठोके नुसती नक्षी नव्हे. धातूमध्ये अणू थराथरांनी रचलेले असतात. घण पडला की थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून पत्रा फुटत नाही, पसरतो. परंतु सरकता सरकता ही रचना विस्कटते, पुढचे सरकणे अवघड होते आणि पत्रा कठीण बनतो. ठोकणे तसेच चालू ठेवले तर तो तडकतो. म्हणून तांबट मधून मधून भांडे लालसर तापवितो. त्या उष्णतेने अणूंची मांडणी पुन्हा सुरळीत होते व धातू मऊ पडतो. शेवटचे ठोके मात्र पुन्हा न तापविता तसेच ठेवतात, त्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. पाहणाऱ्याला जी शोभा वाटते तीच भांड्याची ताकद असते, हे या ठिकाणी मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

२. पितळ : निसटून जाणाऱ्या धातूची गोष्ट

तांब्यात जस्त मिसळले म्हणजे पितळ होते. नेहमीच्या पितळेत साधारणपणे दोन भाग तांबे व एक भाग जस्त असते. जस्ताच्या योगाने तांबूस रंग पिवळा होतो, म्हणून समई सोन्यासारखी झळकते. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार या सारखेपणातूनच आला आहे. सोन्याचा मुलामा झिजला की आतील धातू दिसतो.

पितळ पुरातन आहे. परंतु शुद्ध जस्त वेगळे काढणे फार कठीण होते. त्याचे कारण मुलांना कोड्यासारखे घालावे. जस्ताच्या खनिजापासून धातू सुटा होण्यास सुमारे हजार अंशांची उष्णता लागते. पण जस्त 907 अंशांनाच उकळते. म्हणजे धातू सुटा होतो तोच वाफ होऊन! ती वाफ हवेत गेली की जळून पांढरी भुकटी होते आणि कारागिराच्या हाती काहीच लागत नाही. मग जस्त पकडावयाचे कसे? राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांनी यावर उपाय शोधला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिज भरून ती उलटी ठेवावयाची, वरून उष्णता द्यावयाची आणि खाली उतरणारी वाफ थंड जागेत धरून तिचा धातू करावयाचा, अशी ही रीत होती. तेथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर जस्त तयार होत असे. युरोपात इंग्लंडमधील विल्यम चॅम्पियन याने जस्त गाळण्याच्या आपल्या पद्धतीचे एकस्व 1738 मध्ये घेतले, ते त्याच्या पुष्कळ नंतर. निरक्षर मानल्या गेलेल्या हातांनी केवढे शास्त्र साधले होते, हे सांगण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

३. कासे : दोन मऊ धातूंचा कठीण पुत्र

तांबे मऊ आणि कथील त्याहून मऊ. कथील 232 अंशांना, म्हणजे चुलीच्या विस्तवावरही वितळते. तरीही सुमारे 78 भाग तांबे व 22 भाग कथील एकत्र केले की जे कासे तयार होते ते दोहोंपेक्षा कठीण असते. कथिलाचे अणू तांब्याच्या अणूंपेक्षा आकाराने निराळे असल्यामुळे थरांचे सरकणे अडते. हे कासे थंडपणी ठोकल्यास तडकते. म्हणून कासार ते लालबुंद असताना घडवितो आणि मग एकदम पाण्यात बुडवितो.

या कठीणपणामुळेच काशाला नाद आहे. मऊ तांब्यावर टिचकी मारली तर कंप लवकर विरतो. काशाच्या वाटीचा कंप बराच वेळ टिकतो. टाळ, झांज आणि घंटा यांना कासे का लागते, याचे उत्तर मुलांनी स्वतःच्या कानांनी शोधावे. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून वाजवावी. नंतर काठाला हात लावून पुन्हा वाजवावी. हात लावताच नाद का थांबतो, हा प्रश्न विचारावा.

या धातूंचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फार जुना आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे 1974 मध्ये जमीन खणताना चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ व तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या असून त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत चर्चा झाली आहे. तथापि सामान्यतः त्या उत्तर-हडप्पा काळातील मानल्या जातात. पुढे जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात ‘कासाकार’ म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख येतो. आजचा ‘कासार’ हा शब्द याच घराण्यातला होय. वर्गात कासार किंवा तांबट कुटुंबातील मूल असेल, तर हा भाग सांगताना त्याच्या घरच्या विद्येचा मान राखला जाईल याची काळजी घ्यावी.

४. धातूला मिळालेला अर्थ

समाज धातूकडे केवळ उपयोगाच्या दृष्टीने पाहत नाही. राजांनी दिलेली दाने ताम्रपटावर कोरली जात, कारण तांबे गंजून भुगा होत नाही. हवेत त्यावर प्रथम काळपट व पुढे हिरवट थर चढतो आणि तोच थर आतील धातूचे रक्षण करतो. टिकणारा धातू म्हणजे टिकणारे वचन, असा अर्थ त्याला प्राप्त झाला. शिवछत्रपतींच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे होती. सामान्य माणसाच्या हाती राज्य पोहोचले ते या तांब्याच्या नाण्याच्या रूपाने.

एकच वस्तू अर्थ कसा बदलते, याचेही उदाहरण आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. वाईजवळील मेणवली येथे अशी एक घंटा आजही पाहावयास मिळते. धातू तोच व नादही तोच. मात्र तो ऐकणारे आणि त्याचा अर्थ लावणारे बदलले.

५. कल्हई : जेथे अज्ञान धोक्याचे ठरते

हा भाग शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन शिकवावा, कारण त्याचा संबंध आरोग्याशी आहे. काळवंडलेले भांडे चिंचेने घासले की लख्ख होते. चिंचेतील आम्ल धातूवरील काळा थर विरघळविते, हे त्याचे कारण. वर्गात भांड्याचा अर्धाच भाग चिंचेने घासून फरक दाखवावा. मग पुढचा प्रश्न विचारावा : आम्लाने तांबे विरघळत असेल, तर अशा भांड्यात ताक, आमटी किंवा कोकमाचे सार ठेवले तर काय होईल? उत्तर मुलांच्या भाषेतच आहे. पदार्थ कळकतो. कळकलेले ताक म्हणजे तांबे उतरलेले ताक. ते पोटात गेल्यास मळमळ, ओकारी आणि पोटदुखी होते.

याच कारणासाठी कल्हई शोधली गेली. भांडे भात्याच्या विस्तवावर तापवून त्यावर नवसागर टाकतात. पांढरा धूर निघतो आणि पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथिलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाने किंवा चिंधीने आतून फिरवितात. कथिलाचा हा पातळ थर अन्न आणि तांबे यांच्यामध्ये उभा राहतो. तो झिजला, आतून तांबूस किंवा पिवळा धातू दिसू लागला, की त्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू किंवा ठेवू नये.

कथिलात स्वस्त शिसे मिसळले तर मात्र रक्षण करणारा थरच विष होतो. शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आणि त्याची हानी लहान मुलांच्या मेंदूला अधिक पोहोचते. शुद्ध कथिलाची कांडी वाकविली असता करकर असा आवाज येतो. शिशाची येत नाही. शिसे कागदावर करडी रेघ उमटविते. या परीक्षा मोठ्यांनी करावयाच्या असून त्या निर्णायक समजू नयेत. खात्रीच्या कारागिराकडूनच कल्हई करून घ्यावी. कल्हईचे काम मुलांना दाखवावयाचे असल्यास त्यांना धुरापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे करावे.

तांब्याच्या भांड्यातील पाण्याविषयीही तारतम्याने सांगावे. तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जंतू मरतात हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंद केली. परंतु म्हणून दूषित पाणी केवळ घागरीत भरून ठेवल्याने शुद्ध झाले असे मानू नये. उकळणे किंवा क्लोरीन घालणे आवश्यकच आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅमपेक्षा अधिक तांबे असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

६. भांड्यावरील नावे

जुन्या भांड्यांच्या काठावर ठिपक्यांनी कोरलेली नावे असतात. मुलीच्या लग्नात दिलेल्या हंड्यावर तिचे किंवा देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी शके घातलेले असते. ज्या स्त्रियांचे नाव सातबारावर लागले नाही, शाळेच्या पटावर आले नाही, त्यांतील कित्येकींचे नाव एखाद्या परातीवर किंवा कळशीवर मात्र आढळते.

पोलादी भांडी आली. त्यांना कल्हई लागत नाही, ती कळकत नाहीत आणि त्यांनी घरातील स्त्रियांचे घासण्याचे श्रम वाचविले. हा लाभ लहान नव्हे. त्याबरोबर जुनी भांडी मोडीत जाऊ लागली. मोड वजनावर घेतली जाते; तेथे नावाला किंमत नसते. भांडे वितळले की तांबे नव्या रूपात परत येते, पण नाव कायमचे पुसले जाते.

म्हणून पुढील उपक्रम सुचविला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका जुन्या भांड्यावरील मजकूर वडीलधाऱ्यांच्या संमतीने जसाच्या तसा वहीत उतरवावा. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल हलकेच घासली तर अक्षरे स्पष्ट उमटतात. शके दिले असल्यास त्यात 78 मिळवून इसवी सन काढावा. पौष ते फाल्गुन या महिन्यांतील तारीख असल्यास बहुधा 79 मिळवावे लागतात. भांड्याचा धातू, त्याचा उपयोग, ते कोणी कोणास दिले आणि नाव असलेली व्यक्ती घरातील कोणाची कोण, हे आजीला किंवा आजोबांना विचारून लिहावे. गोळा झालेल्या नोंदी शाळेत एका वहीत बांधून ठेवाव्यात.

या पाठासाठी तीन तासिका पुरेत. पहिलीत रंग, ठोके व नाद यांचे निरीक्षण. दुसरीत चिंचेचा प्रयोग व कल्हई. तिसरीत नावांचे वाचन. ज्या घरी अशी भांडी नाहीत तेथील मुलांना कमीपणा वाटू नये म्हणून देवळातील घंटा, भजनी मंडळाचे टाळ किंवा शेजारघरचे भांडे चालेल असे आधीच सांगावे. नोंदी घेण्याचे काम मात्र लांबणीवर टाकू नये; गावात मोडवाला केव्हा येईल, ते सांगता येत नाही.