निविदेची सही आणि जुना जावा प्लग-इन

शहागंज, सिटी चौक परिसरात लोखंडी कपाटे, बाके बनविणारे आपले कित्येक बांधव सरकारी निविदा भरतात. कागद तयार, अनामत भरलेली, डिजिटल सहीचे टोकन जोडलेले. आणि सहीच्या वेळी पडद्यावर चौकट कोरीच राहते. मुदत दुपारी तीनची असली तर काम हातचे गेलेच समजा.

दोष बहुधा टोकनचा नसतो. ई-निविदांच्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे सही जावाच्या प्लग-इनमधून होत असे. क्रोमने २०१५ साली व फायरफॉक्सने २०१७ साली तो बंद केला. इंटरनेट एक्स्प्लोररला जून २०२२ मध्ये निरोप मिळाला. म्हणून प्रथम संकेतस्थळाची सूचना वाचावी. जीएसटीप्रमाणे तेथे सहीचा स्वतंत्र प्रोग्राम दिला असेल तर तोच घ्यावा, पुढचा खटाटोप नको.

प्लग-इनच हवा असेल तर जावा ८ बसवावा; जावा ११ पासून त्यात प्लग-इनच नाही. विंडोज ६४ बिटचे असले तरी जावा सहसा ३२ बिटचा लागतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. नंतर कंट्रोल पॅनेलमधील जावा उघडून सिक्युरिटीखाली ब्राउझरमध्ये जावा चालू करण्याची खूण करावी आणि अपवादांच्या यादीत संकेतस्थळाचा पत्ता एचटीटीपीएससह पूर्ण लिहावा. एज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' येथे इंटरनेट एक्स्प्लोरर मोडला परवानगी देऊन निविदेचे पान यादीत घालावे. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप संपते. गेल्या महिन्यात चालले, आज का नाही, याचे कारण बरेचदा एवढेच!

परवान्याचेही पाहावे. एप्रिल २०१९ पासूनच्या जावा ८ च्या आवृत्त्या घरगुती वापरास मोफत आहेत, धंद्यासाठी ओरॅकलचा परवाना लागतो. दुसऱ्याच्या हक्काची ही बाब आहे, 'सगळेच वापरतात' म्हणून सुटत नाही. त्याआधीची मोफत आवृत्ती घ्यावी तर तिच्यातील सुरक्षेच्या फटी बुजलेल्या नाहीत. माझ्या मते अशी जुनी आवृत्ती एका वेगळ्या संगणकावर, फक्त सहीपुरती ठेवावी. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

कॅफेवाल्याकडून काम करून घेतले तरी टोकन व पिन त्याच्याकडे ठेवून जुम्याच्या नमाजला जाऊ नका. त्या टोकनाने झालेली सही कायद्याने तुमचीच असते. जोडणीची चाचणी मुदतीच्या दोन दिवस आधी, लॉगिन करून घ्यावी.