बेट उरकू नकोस गं

अगं, काल तू पाठवलेला मॉरिशसचा कार्यक्रम वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना. सोमवारी उत्तर, मंगळवारी दक्षिण, बुधवारी पूर्व-पश्चिम दोन्ही! नकाशात बेट हाताच्या पंजाएवढं दिसतं, लांबी जेमतेम 65 किलोमीटर, तेव्हा वाटतंच की गाडी घेऊन फिरलं की झालं. मीही पहिल्या खेपेला तेच केलं. घरी आले तेव्हा आठवत होते फक्त वाहनतळ आणि चौकातली गोल वळणं. म्हणून सांगते, गाडीने फक्त दारापर्यंत जायचं. बेट दिसतं ते गाडीतून उतरल्यावर.

मुक्काम पश्चिमेला घ्या, तामारिन किंवा ला गोलेतच्या बाजूला. तुम्ही गणपतीच्या आसपास जाताय, तेव्हा तिथे थंडी सरत आलेली असते आणि आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्याला झोडपत असतो. पश्चिमेला डोंगरांचा आडोसा मिळतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे त्याची काळजी नको. काळजी उसाची! तोडणीचा हंगाम असेल, रस्त्यावर उसाने भरलेल्या गाड्या असतील आणि जिथे तोड झालेली नाही तिथे उभ्या पिकाआडून वळणावरचं काही दिसत नाही. हळू जा. त्या शेतांमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढिगारे दिसतील, ते बघायला एकदा तरी थांब. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले दगड आहेत ते. त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसंही होती.

आता माझा सगळ्यात आवडता दिवस सांगते. सकाळी सहाला निघा, सातला नव्हे. केस नोयालहून शामारेलचा घाट चढायचा. वळणं आंबोलीची आठवण करून देतात, पण उंची कमी. शामारेलला सात रंगांची माती आहे. ज्वालामुखीचा खडक झिजून त्यातल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी तांबडे, तपकिरी, जांभळट थर पडलेत. कुंपणाबाहेरून बघायचं असतं, अर्धा तास पुरे. तिथे जास्त वेळ घालवू नकोस, कारण खरी मजा पुढे आहे. प्लेन शांपान्यच्या पठारावरून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या कड्यापाशी थांबा. दरीत लांब पांढऱ्या शेपटीचे समुद्रपक्षी तरंगत असतात, ते आपल्या खाली उडताना दिसतात! दुपारनंतर ढग उतरले की समोर नुसता पांढरा पडदा, म्हणून ही सकाळची घाई. तिथल्या माकडांना खायला देऊ नका.

तिथून थोडं पुढे पेत्रँ. गाडी तिथे लावून माकाबेच्या पायवाटेने चालत जा. वाट रुंद, जंगलातली, फारसा चढ नाही. टोकाच्या कठड्यावरून खाली समुद्रापर्यंत दरी उघडते. तिथून पुढे एक उतार थेट खाली नदीकाठी जातो आणि उत्साहात पाय तिकडे वळतात. वळू देऊ नकोस. मी उतरले होते. गाडी वर, मी खाली, अंधार पडत आलेला, गुडघे थरथरताहेत. त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मग झटकन काळोख होतो. आलात त्याच वाटेने परत या. पेत्रँहून गंगा तलाव जवळच आहे. विवरातलं तळं, काठावर देवळं आणि 33 मीटर उंच शिवाची मूर्ती. मूर्तीपाशी रेंगाळण्यापेक्षा तळ्याच्या काठाने चालत राहा, वारा अंगावर घ्या.

दक्षिण किनारा वेगळ्या दिवशी. ल मोर्नहून बे द्यू काप, माकाँदचं वळण, मग सुइयाक. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे म्हणून बाकी ठिकाणी पाणी तळ्यासारखं शांत. सुइयाकजवळ ग्रि-ग्रिला ती भिंत तुटली आहे आणि लाटा सरळ कड्यावर आदळतात. तिथे पोहायचं नाही, पाय बुडवायलाही उतरायचं नाही. कड्यावरून चालत जा, जमिनीचा थरकाप तळव्यांना कळतो.

आणि ल मोर्न. तुला तो चढायचाय हे मला माहीत आहे. 556 मीटरचा एकसंध काळा कातळ. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी 1835 साली संपली. ती बातमी घेऊन येणाऱ्या शिपायांना पकडायला आलेले समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक सांगतात. 2008 मध्ये तो जागतिक वारसा ठरला. तिथे मोठ्याने गाणी लावून जाऊ नका. अर्ध्यापर्यंत वाट सोपी आहे, पुढे हात टेकून कातळ चढावा लागतो. रात्री पाऊस झाला असेल तर मधल्या सपाटीवरूनच परत फिर. तुझ्या नवऱ्याने कितीही चिडवलं तरी फिर, माझी शपथ आहे. तिथून समुद्राचे सगळे निळे रंग दिसतातच. फोटोतला तो ‘पाण्याखालचा धबधबा’ मात्र शोधत बसू नकोस. ती वाहत्या वाळूने केलेली नजरबंदी आहे आणि ती आकाशातूनच कळते.

पोर्ट लुईला गाडी नेऊ नका, गर्दीत जीव मेटाकुटीला येतो. क्युरपीपहून मेट्रो जाते. उतरून चालत आप्रवासी घाटावर जा. 1834 पासून जवळजवळ पाच लाख मजूर या बंदरात उतरले. दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. कोकणातून, घाटावरून निघालेली आपली माणसं त्याच चढून गेली. त्यांच्या नातवंडांची नातवंडं आज तिथल्या शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. मी तिथे बूट काढून उभी राहिले होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

भूक लागेल तेव्हा बाजारातली दालपुरी खा. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण. नेहमी दोन देतात, एकीवर एक ठेवून. एक तुझ्या नवऱ्याला देऊन मोकळी होऊ नकोस, स्वतःसाठी वेगळी जोडी माग.