गोल्फचा कोच निवडताना

गोल्फ शिकायचे ठरले की बहुतेक जण पहिल्यांदा तासाचे पैसे विचारतात. ते नंतर विचारा. आधी एखाद्या सकाळी ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन नुसते बघा. नवी मुंबईत खारघरचा सिडकोचा कोर्स सर्वांसाठी खुला आहे. खासगी क्लबात ओळखीचा सभासद नेऊ शकतो.

कोच दुसऱ्याला शिकवत असेल तिथे, परवानगी घेऊन, थोडे मागे उभे राहा. तो किती बोलतो आणि शिकणारा किती चेंडू मारतो, ते पाहा. चांगला कोच एका तासात एकच गोष्ट बदलतो. पकड तर पकड, उभे राहणे तर उभे राहणे. एका दमात खांदे, कंबर, मनगट सगळे सुधारायला निघालेल्याकडे शिकणारा पुढच्याच चेंडूला गोंधळतो. प्रत्येक चुकीवर 'मान वर केलीत' एवढेच सांगणाऱ्यापासूनही दूर राहा.

मग भेटून एक प्रश्न जरूर विचारा: माझा चेंडू उजवीकडे वळत जातो, का? उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा हा नेहमीचा स्लाइस. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचे तोंड कुठे आहे त्यावर ठरते. तो वळतो ते तोंड आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकामुळे. जाणकार कोच हे दोन वाक्यांत समजावेल, आणि तुमचा स्विंग पाहिल्याशिवाय उपाय सांगणार नाही.

त्यानेही तुम्हाला विचारायला हवे. पाठीचे, गुडघ्याचे दुखणे आहे का? आठवड्यात सराव किती जमेल? गोल्फमध्ये कमरेवर बराच ताण येतो. पन्नाशीच्या माणसाला पाठीबद्दल न विचारताच विशीतल्या पोरासारखे वळायला लावणारा कोच मला धोकादायक वाटतो.

प्रमाणपत्र पाहावे. इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया कोच घडवते आणि प्रमाणित करते. पण इंग्रजी सफाईदार नाही म्हणून कुणाला नाकारू नका. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर मूळचे कॅडी होते, आणि आपल्याकडचे कितीतरी प्रो त्याच वाटेने आले आहेत. उत्तम खेळाडू उत्तम शिकवतोच असेही नाही. त्याचे शिष्य कसे खेळतात ते बघा.

पॅकेज लगेच घेऊ नका, एका तासाचेच पैसे भरा. तास संपल्यावर घरी काय सराव करायचा हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पुढच्या तासांत त्याने पटिंग-चिपिंगलाही वेळ द्यायला हवा. पार 72 च्या कोर्सवर 36 फटके पटिंगसाठीच धरलेले असतात, तरी शिकवण्या ड्रायव्हरभोवतीच फिरतात.

सेटची खरेदी तोवर थांबवा. नियमाने 14 क्लब चालतात, पण सुरुवातीला सात नंबरचा आयर्न, एक वेज आणि पटर पुरतो. पहिल्याच भेटीत महागडा सेट गळ्यात मारू पाहणारा कोच यादीतून काढून टाका.