सावलीचे माप आणि चहावरील दोन किडी

चहाच्या मळ्यात कमरेएवढी, सपाट माथ्याची जी सदाहरित झुडपे दिसतात, ती मोकळी वाढू दिल्यास आसामी वाणाची झाडे दहा ते पंधरा मीटर उंच होतात. ठरावीक वर्षांनी होणारी छाटणी आणि हंगामभर दर आठवड्यास चालणारी खुडणी यांमुळेच हा वृक्ष आटोपशीर झुडपाच्या रूपात राहतो. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस यास सिंगफो जमातीच्या प्रमुखाकडून आसामातील चहाची माहिती मिळाली, तेव्हा ही वनस्पती दमट जंगलात मोठ्या वृक्षांच्या छायेखाली वाढत होती. त्या जंगलाची दोन लक्षणे आजही तिच्या गरजा ठरवतात : आम्लधर्मी जमीन आणि गाळून आलेला प्रकाश. पहिली गरज बहुतेक लागवडदार नीट सांभाळतात. दुसरीकडे मात्र सावलीची झाडे एकदा लावली की काम संपले, अशा समजुतीने पाहिले जाते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने हीच समजूत महाग पडते.

जमिनीविषयी थोडक्यात सांगतो. चहासाठी जमिनीचा सामू ४.५ ते ५.५ असावा. इतर बहुतेक पिकांना विषारी ठरणारे ॲल्युमिनियम चहाचे झाड सहज शोषून घेते आणि जुन्या पानांत साठवते. उलट चुनखडीच्या जमिनीत ते पिवळे पडून खुरटते. त्यामुळे आम्लधर्मी जमीन दिसली की चुना सुचवण्याची आपली विस्तार कार्यातील सवय येथे बाजूस ठेवावी लागते. अमोनियम सल्फेटसारख्या खतांच्या दीर्घ वापराने सामू फारच खाली घसरला असेल, तर माती परीक्षणानंतर छाटणीच्या वर्षी डोलोमाइट देतात, एरवी नाही. पाण्याचा निचरा मात्र सामूइतकाच महत्त्वाचा आहे. आसामच्या मैदानी मळ्यांतील खोल चर हे शोभेसाठी खणलेले नसतात. मुळांशी पाणी साचले तर आम्लतेचा लाभ वाया जातो.

आता सावली. पानाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की चहाच्या पानातील प्रकाशसंश्लेषण मंदावू लागते. मैदानी आसामच्या उन्हाळ्यात उघड्यावरची पाने ही मर्यादा सहज ओलांडतात, म्हणून तेथे काळा शिरीष आणि त्याच्या भाईबंदांची विरळ, पिसासारख्या पानांची छाया धरतात. दक्षिणेत निलगिरी व अन्नामलाईच्या उतारांवर सिल्व्हर ओक लावतात. सुरुवातीस सहा मीटर अंतरावर लावलेली ही झाडे पुढे विरळणी करून बारा मीटरवर आणायची असतात. कागदावर ही सूचना सर्वत्र आढळते. मळ्यावर विरळणी सहसा राहून जाते. झाड तोडायला हात धजावत नाही, हे समजण्यासारखे आहे.

आणि येथेच किडींचा प्रश्न सुरू होतो. चहाचा ढेकण्या, म्हणजे हेलोपेल्टिस थिव्होरा, हा दाट सावली आणि दमट, कोंदट हवा यांत वाढतो. कोकणातील काजू बागायतदारांना त्याचा सख्खा भाऊ, हेलोपेल्टिस ॲंटोनाय, चांगलाच परिचित आहे. पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असलेला हा ढेकूण काजूच्या कोवळ्या पालवीला व मोहराला जसा छळतो, तसाच त्याचा भाऊ चहाच्या दोन पाने व एका कळीला. पिल्ले आणि प्रौढ दोघेही सोंड खुपसून रस शोषतात. प्रत्येक डंखाच्या जागी गोल, पुढे तपकिरी होणारा डाग पडतो, पाने वळतात, शेंडा करपतो. ज्या भागाची खुडणी व्हायची, नेमका तोच भाग जातो. दिवसा ऊन वाढले की हा ढेकण्या झुडपाच्या आतल्या भागात दडतो. सकाळी लवकर व सायंकाळी तो बाहेर येतो. त्यामुळे दुपारी बारा वाजता पाहणी करून कीड नाही असा अहवाल लिहिणाऱ्याची चूक होते, आणि त्याच वेळी फवारणी करणाऱ्याचे औषध वाया जाते.

दुसरी कीड लाल कोळी, ऑलिगोनिकस कॉफी. आठ पायांची असल्याने ती कीटकांत मोडत नाही, तरी कामास मात्र आम्हा कीटकशास्त्रज्ञांच्याच वाट्यास येते. आसामात तिची नोंद १८६८ पासून आहे. तिचा स्वभाव ढेकण्याच्या अगदी उलट : तिला कोरडी हवा, उघडे ऊन आणि धूळ मानवते. मार्च ते जून या काळात रस्त्याकडेची व सावली नसलेली झुडपे प्रथम तांबूस दिसू लागतात. ती जुन्या पानांच्या वरच्या बाजूस राहून रस शोषते; जोराचा पाऊस पडला की बरीचशी धुऊन जाते.

काही वर्षांपूर्वी वरच्या आसामात एका लघु चहा उत्पादकाच्या मळ्यावर मी ढेकण्याचा प्रादुर्भाव पाहिला होता. शिरीषाच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या होत्या, खाली जमीन दुपारीही ओलसर होती. सावली कमी करा, असे मी सांगितले. किती कमी करायची, कशी करायची, हे सांगायचे राहिले. हिवाळ्यात त्यांनी मळ्याच्या एका बाजूची सगळी झाडे बुंध्यापासून तोडली. पुढल्या मार्चअखेर मी पुन्हा गेलो तेव्हा ती बाजू दुरूनच तांब्याच्या रंगाची दिसत होती. ढेकण्या कमी झाला होता, त्याची जागा लाल कोळ्याने घेतली होती. आधीच्या हंगामात ढेकण्यावर केलेल्या कीटकनाशकांच्या वारंवार फवारण्यांनी कोळी खाणारे लहान ढालकिडे व परभक्षी कोळीही मारले गेले होते, हे त्यात आणखी. मग कोळीनाशकांच्या फवारण्या, त्यांचा प्रतीक्षा कालावधी संपण्याआधी झालेली खुडणी, आणि अखेर अवशेषांच्या भीतीने कारखान्याने परत पाठवलेली पाने. त्यांनी मला दोष दिला नाही. कोरा चहा पुढे ठेवला आणि एवढेच विचारले, की ही झाडे पुन्हा सावली देऊ लागायला किती वर्षे लागतील? उत्तर त्यांनाही ठाऊक होते.

तेव्हापासून मी सल्ला वेगळ्या रीतीने देतो. झाड तोडण्याआधी त्याच्या खालच्या आडव्या फांद्या काढाव्यात; छत्र उंच गेले की हवा खेळते आणि ओलावा उतरतो, सावली मात्र टिकते. दुपारी जमिनीवर ऊन आणि छाया यांची नक्षी साधारण निम्मी-निम्मी पडली, तर मैदानी मळ्यासाठी ते माप पुरेसे आहे. त्यानंतरही दाटी उरली तरच एकाआड एक झाड काढावे, तेही एका वर्षी सगळी नाही. उंच डोंगराळ भागात, जेथे ढग आणि धुके हेच सावली देतात, तेथे झाडांची गरज कमी; दक्षिणेत फोड करपा या बुरशीजन्य रोगाचा जोर कमी राहावा म्हणून पावसाळ्यापूर्वी सिल्व्हर ओकच्या फांद्या छाटण्याची पद्धत आहे. जेथे सावलीत खिंडारे पडली आहेत, तेथे नवी झाडे मोठी होईपर्यंत टेफ्रोसियासारखी तात्पुरती द्विदल झुडपे लावावीत.

सावलीबरोबर खुडणीही हातात ठेवावी. ढेकण्याची मादी कोवळ्या शेंड्याच्या देठात अंडी घालते. अंड्याचे दोन आखूड केसांसारखे तंतू बाहेर डोकावतात, भिंगाने ते ओळखता येतात. दर सात दिवसांनी वेळेवर खुडणी झाली तर त्यातील बरीच अंडी शेंड्याबरोबरच मळ्याबाहेर जातात. खुडणी लांबली की पुढची पिढी मळ्यातच बाहेर पडते. कडेचे तण काढताना मिकॅनियाच्या वेली व जांभळ्या फुलांचा मेलास्टोमा यांवर लक्ष ठेवावे. मेलास्टोमा हा आम्लधर्मी जमिनीचा खुणेचा माणूस; तो उगवतो तेथे चहा येईल असे जुने लागवडदार मानत. तोच ढेकण्यालाही थारा देतो. पेरूचे झाडही त्यातलेच.

फवारणी अटळ ठरली तर चहा मंडळाच्या वनस्पती संरक्षण संहितेत नमूद असलेलेच औषध घ्यावे, प्रादुर्भावाचे पट्टे आधी खुणावून तेवढ्यावरच फवारावे, ढेकण्यासाठी सकाळी लवकर किंवा सायंकाळी, बाहेरच्या ओळींकडून आत येत. लाल कोळ्यासाठी पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत.

कोकणातील काही बागायतदार विचारतात, की आमची जांभ्याची जमीन आम्लधर्मी, वर नारळ-सुपारीची सावलीही आहे, मग चहा का नको? जमीन आणि सावली दोन्ही मिळाली तरी चार महिन्यांच्या पावसानंतरचे आठ कोरडे महिने उरतात, आणि चहाला पाऊस वर्षभर विभागून लागतो. शिवाय ढेकण्या तेथे काजूवर आधीच बसलेला आहे.

पाहणीची वही ठेवताना प्रत्येक पट्ट्यापुढे कीड, तारीख आणि खुडणी यांसोबत एक रकाना सावलीचा आखावा : दाट, मध्यम, विरळ. दोन हंगामांच्या नोंदी झाल्यावर कोणते झाड छाटायचे आणि कोठे नवे लावायचे, हे ठरवण्यासाठी त्या रकान्यापासून सुरुवात करावी.